प्लॅस्टिकचे दोन स्वभाव

शेतात पाइपलाइन टाकताना पीव्हीसी नळीचे टोक तापवून ते दुसऱ्या नळीवर चढविले जाते आणि थंड होताच ते घट्ट बसते. उलटपक्षी, प्रेशर कुकरची काळी मूठ रोजच्या उष्णतेने मऊ होत नाही. परंतु ती तुटल्यास वितळवून सांधताही येत नाही. दोन्ही वस्तू प्लॅस्टिकच्याच. हा फरक त्यांच्या रेणूंच्या रचनेत आहे.

प्लॅस्टिक हे लांबच लांब रेणुसाखळ्यांचे बनलेले असते. पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी यांतील साखळ्या परस्परांशी रासायनिक बंधांनी जखडलेल्या नसतात. उष्णतेने त्या एकमेकींवरून सरकतात व पदार्थ मृदू होतो. हे ऊष्मामृदू, म्हणजेच थर्मोप्लॅस्टिक होय. मेणाप्रमाणे ते पुनःपुन्हा वितळविता येते. मात्र दर वेळी त्याची प्रत काहीशी उतरते.

दुसऱ्या प्रकारात, वस्तू घडत असतानाच साखळ्यांमध्ये आडवे बंध निर्माण होऊन त्रिमितीय जाळे तयार होते. भाजलेल्या मडक्याची जशी पुन्हा माती होत नाही, तसे हे प्लॅस्टिक पुन्हा वितळत नाही. अति तापविल्यास करपते. यास ऊष्मादृढ किंवा थर्मोसेटिंग प्लॅस्टिक म्हणतात. लिओ बेकलँड यांनी १९०७ साली फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बनविलेले बॅकेलाइट याच वर्गातील. विजेची बटणे, मेलामाइनची ताटे आणि फायबरच्या होड्यांतील रेझीनही याच प्रकारचे.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने हा भेद केवळ पाठ्यपुस्तकापुरता नाही. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये ग्रामीण भागातील या कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतींवरही आहे. स्वच्छ व प्रकारवार वेगळे केलेले थर्मोप्लॅस्टिक वितळवून त्याचे पुन्हा दाणे करता येतात. त्यात बॅकेलाइटचे तुकडे मिसळल्यास ते न वितळता तसेच राहतात व माल बिघडवितात. म्हणून थर्मोसेटिंग कचरा वेगळा ठेवून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याची विल्हेवाट लावावयाची असते. उघड्यावर जाळणे हा कोणत्याही प्रकारावर उपाय नव्हे; पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो.

शाळेत हा धडा जाळून पाहण्याची गरज नाही. अनेक वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ ते ६ हे आकडे थर्मोप्लॅस्टिकचे प्रकार दर्शवितात. विद्यार्थ्यांनी घरातील वस्तूंवरील हे आकडे शोधून त्यांची वर्गवारी केली, तर गावातील वर्गीकरणाचा आरंभ शाळेतूनच होईल.