कोंबड्यांसाठीं अंडीं घालण्याची घरगुती पेटी

पुष्कळ शेतकऱ्यांचे घरीं आठदहा गांवठी कोंबड्या असतात. परंतु त्यांच्या अंड्यांचा हिशेब क्वचितच कोणी ठेवतो. कोंबडी कधीं कडब्याच्या गंजीखालीं, कधीं गोठ्यांतल्या गव्हाणींत, तर कधीं कुंपणाच्या झुडपांत अंडें घालते. त्यांतलें एखादें मुंगूस नेतें, एखादें कावळा फोडतो, आणि आठ दिवसांनीं सांपडलेलें अंडें बाजारांत न्यावें कीं नाहीं याचा प्रश्न पडतो. हा पैसा बहुधा घरांतील बायकांच्या हातखर्चाचा असतो; म्हणून ही गळती क्षुल्लक मानूं नये. यांत कोंबडीचा दोष नाहीं. तिला अंधारी, कोरडी व एकांताची जागा लागते. आपण ती दिली नाहीं तर ती स्वतः शोधते.

अशी जागा मोडक्या सामानांतून एका दिवसांत तयार होते. आमचें मात्र आरंभींच एक सांगणें आहे: फुकटचें लाकूड तपासल्यावांचून फुकट पडत नाहीं.

लाकडाची परीक्षा.— आम्हीं पहिली पेटी केली ती एका मोडलेल्या खुराड्याच्या फळ्यांची. महिन्याभरांत कोंबड्यांनीं ती सोडली व पुन्हां गंजी गांठली. रात्रीं बॅटरी घेऊन पाहिलें, तों फळ्यांच्या सांध्यांतून बारीक तांबडे किडे बाहेर पडून पक्ष्यांच्या अंगावर चढत होते. गोचिडाच्या वर्गांतला हा किडा दिवसा फटींत दडतो, रात्रीं रक्त शोषतो आणि उपाशी राहूनही कित्येक महिने जगतो. म्हणून जुन्या खुराड्याचें लाकूड अजिबात घेऊं नये. आंब्याच्या पेट्या, सामानाचीं खोकीं, मोडक्या कपाटाच्या फळ्या चालतील. औषधांचे अगर तेलाचे डाग पडलेली फळी टाकून द्यावी. निवडलेल्या फळ्यांचे खिळे पकडीनें काढावे, फळ्यांवर उकळतें पाणी ओतून त्या दोनतीन दिवस कडक उन्हांत वाळवाव्या.

रचना.— चारपांच कोंबड्यांस एक खण पुरतो. आठदहांस दोन खणांची पेटी करावी. प्रत्येक खण आंतून 12 इंच रुंद व 12 इंच खोल असावा. फळी पाऊण इंच जाडीची असेल, तर दोन खण व तीन उभ्या फळ्या मिळून पेटीची लांबी सव्वासव्वीस इंच होते. उभ्या फळ्या पुढें 14 इंच व मागें 26 इंच उंच कापाव्या; म्हणजे छपरास पुढच्या बाजूस तीव्र उतार मिळतो व त्यावर बसून कोंबड्या घाण करीत नाहींत. पाठ फळ्यांनीं बंद करावी. पुढें खालीं 4 इंचांची आडवी पट्टी मारावी. तिच्यामुळें पेंढा व अंडीं बाहेर पडत नाहींत. छपरास तेलाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा उलगडून लावावा. पत्र्याची धार दुमडून ठोकून घ्यावी, नाहींतर हात व पिसें दोन्ही कापतात.

तळाची फळी खिळ्यांनीं पक्की करूं नये. आंत दोन पट्ट्या ठोकून त्यांवर ती नुसती ठेवावी, म्हणजे केव्हांही काढून उन्हांत टाकतां येते. शेवटीं सर्व सांधे चुन्याच्या दाट सफेदीनें भरून घ्यावे व पेटी पुरी वाळल्यावरच वापरावी.

जागा व निगा.— पेटी खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, जमिनीपासून दीड ते दोन फूट उंचीवर भिंतीस घट्ट बसवावी व चढण्यासाठीं पुढें एक काठी बांधावी. रात्रीं बसण्याची दांडी मात्र पेटीहून उंच पाहिजे. कोंबडी सर्वांत उंच जागीं झोंपते, आणि पेटीच उंच असली तर तीच शेणखताची जागा होते. तलंगा अंड्यावर येण्यापूर्वींच पेटी लावावी व कोरडा पेंढा घालून आंत एक गुळगुळीत पांढरा गोटा ठेवावा. तो पाहून त्या तेथेंच बसतात. खुडूक कोंबडी वेगळी ठेवावी, नाहींतर ती एक खण अडवून बसते.

अंडें तयार होण्यास सुमारें 25 तास लागतात, म्हणून घालण्याची वेळ रोज थोडी पुढें सरकते. यास्तव अंडीं दिवसांतून दोनदां तरी उचलावीं. फुटलेलें अंडें आंत राहिलें तर कोंबड्यांस अंडीं खाण्याची खोड लागते व ती सहसा जात नाहीं. पेंढा आठवड्यास बदलावा. अंड्याच्या कवचास हजारों सूक्ष्म छिद्रें असून त्यांवर निसर्गानें पातळ लेप दिलेला असतो. मळलेलें अंडें धुतलें कीं हा लेप जातो आणि रोगजंतूंस वाट मिळते. धुवावें लागणार नाहीं असें अंडें मिळणें, हाच स्वच्छ पेटीचा खरा लाभ होय.

दर पंधरा दिवसांनीं रात्रीं एक पांढरें फडकें सांध्यांवरून फिरवून पाहावें. त्यावर तांबडे डाग उमटले तर कोंबड्या पेटी सोडण्याची वाट न पाहतां पेंढा जाळावा, फळ्यांवर पुन्हां उकळतें पाणी ओतून त्या उन्हांत टाकाव्या व नवा चुना द्यावा. पेटीस पैसा थोडा लागतो. लक्ष मात्र नित्य लागतें.