लिनक्स बसवून देताना

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही म्हटल्यावर ओळखीतले बरेच जण लिनक्सकडे वळले. चांगलंच झालं. पण बसवून देणाऱ्याने घाई केली, तर भोगावं लागतं नवख्या माणसाला.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाईच म्हणतात. दुकानातल्या मुलाने त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून दिलं आणि टाकताना, न विचारता, अख्खी डिस्क पुसली. शाळेच्या सहलींचे फोटो गेले. वर वायफायही चालेना. लॅपटॉप घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, “मलाच काही जमत नाही हो.” फोटो गेल्याचं वाईट वाटलंच, पण हे ऐकून जास्त वाटलं. दोष त्यांचा नव्हताच.

तेव्हा बसवायच्या आधी फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केलं की विंडोज ती मागू शकतं. मग लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवा. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासा. झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, तेही बघा.

बाईंच्या लॅपटॉपमधली वायफाय चिप ब्रॉडकॉमची निघाली. तिचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला इंटरनेट हवं! अशा वेळी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिथरिंग चालू करायचं. मी शेजारी बसून नुसतं सांगत होतो, माउस बाईंच्या हातात. त्यांनी ड्रायव्हर मॅनेजर उघडला, ब्रॉडकॉमचा पर्याय निवडला, पासवर्ड टाकला, रीस्टार्ट केलं. यादीत घरच्या वायफायचं नाव दिसलं. हे आपण पाच मिनिटांत उरकलं असतं, पण पुढच्या वेळी बाई पुन्हा अडल्या असत्या.

फोनवर मदत करताना “चालत नाही” एवढ्यावर उपाय सांगू नका. “बाई, स्क्रीनवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा,” म्हणा, नाहीतर फोटो मागवा. सुडोने सुरू होणारी कमांड, ती काय करते हे न सांगता कुणाला पाठवू नये. बऱ्याच लिनक्समध्ये टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, साधा ठिपकाही नाही. हे आधीच सांगा. कीबोर्ड बिघडला असं वाटून नवखी माणसं तिथेच थांबतात.

आणि मराठी टायपिंग लावून दिल्याशिवाय उठू नका. युनिकोडमधलं लिखाण नीट दिसतं, पण श्रीलिपीतल्या जुन्या फायली तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांसारख्या दिसतात. अशा फायली किती आहेत ते विचारा, आणि विंडोज काढायच्या आधीच त्यांची पीडीएफ करून घ्या.