जुन्या ट्रॅक्टरच्या बॉनेटची दुरुस्ती

बॉनेट हे शोभेचे झाकण नव्हे. पाऊस, धूळ व काडीकचरा यांपासून इंजिनाचे रक्षण त्यामुळे होते. बी-२७५ सारख्या जुन्या ट्रॅक्टरचे बॉनेट चेपले अथवा फाटले, तरी ते भंगारात देण्याची घाई करू नये.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवून बॉनेट उतरवून घ्यावे. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत डिझेलची टाकी बॉनेटखालीच असते. त्यामुळे ते जागेवर ठेवूनच वेल्डिंग करणे म्हणजे आगीस आमंत्रण होय. हंगामाच्या घाईत नेमका हाच मोह होतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो मोडून काढावा.

पोचा काढताना आतून लोखंडी ठोकळ्याचा आधार द्यावा व कडेकडून मध्याकडे हलके ठोके मारावेत. चीर असल्यास तिच्या टोकास ३ मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून तेवढ्याच जाडीचे ठिगळ जोडावे. सांधा सलग न भरता थोडेथोडे अंतर सोडून भरावा. अन्यथा उष्णतेने पत्रा वाकतो. लांबीचा जाड थर मात्र इंजिनाच्या कंपनाने तडकतो.

जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो पाणी लावूनच घासावा व गाळ विहिरीकडे अथवा गोठ्याकडे जाऊ देऊ नये. पत्रा कोरडा होताच, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. बॉनेट बसविताना टेकूंवर रबराच्या पट्ट्या घालाव्यात आणि रेडिएटरपुढील जाळी मोकळी असल्याची खात्री करावी.