माखाचं कार्ड

काल रात्री तू पाठवलेला फोटो बराच वेळ बघत बसले. निळ्या दुलईवर एकच कार्ड, त्यावर घोड्यांच्या पुढे धावणारी मोकळ्या केसांची बाई. खाली तुझा निरोप : ‘ताई, माखा आली. पुस्तिकेत म्हटलंय, थांबू नकोस, विजय तुझाच. मग आत्ता रजा न घेता काम करत राहायला ऑफिसला हो म्हणू ना?’

अगं, सातवा संपत आलाय तुला. फोनवर तू नुसतं ‘बरं’ म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय.

आधी माखाची गोष्ट ऐक. आयर्लंडच्या उत्तरेला, अल्स्टरमध्ये, एका विधुर शेतकऱ्याच्या घरी एक दिवस अनोळखी बाई आली आणि न बोलता घरकामाला लागली. घर भरभराटीला आलं, तिला दिवस गेले. नवरा जत्रेला निघाला तेव्हा तिने बजावलं, तिथे माझ्याबद्दल चकार शब्द काढू नकोस. राजाच्या घोड्यांची वाहवा चालली होती. ती ऐकून हा बोलून गेला, माझी बायको यांच्याहून वेगाने धावते. राजाने त्याला धरून ठेवलं आणि तिला बोलावणं धाडलं. तिला कळा सुरू झाल्या होत्या. तिने जमलेल्यांना विनवलं : तुम्हीही आईच्याच पोटी जन्मलात ना, मी मोकळी होईपर्यंत थांबा. कुणीही थांबलं नाही. ती धावली, घोड्यांच्या आधी पोचली आणि तिथेच तिला जुळं झालं. जुनी आयरिश माणसं जुळ्यांना ज्या शब्दाने ओळखत, त्यावरून त्या जागेचं नाव पडलं एव्हिन माखा. आर्मा शहराजवळ ती गवताळ टेकडी आजही आहे.

मग तिने शाप दिला. अल्स्टरवर संकट येईल तेव्हा तिथल्या पुरुषांना पाच दिवस आणि चार रात्री बाळंतकळा येतील, नऊ पिढ्यांपर्यंत. पुढे शत्रू चालून आला तेव्हा सगळे कळांनी आडवे आणि कोवळा योद्धा कुहुलिन एकटा लढतोय, ही आयरिश लोकांची सर्वांत मोठी वीरकथा या शापावरच उभी आहे.

तुझ्या कार्डावर शर्यत आहे, विनवणी नाही. मला मात्र तिची विनवणीच छळत राहते.

डब्लिनला असताना माझ्याकडेही देवींच्या कार्डांचा असाच कॅट होता. टॅरोची ७८ पानं ठरलेली असतात. आपल्या या देवींच्या, म्हणजे ओरॅकल कार्डांमध्ये किती पानं, कुठल्या देवी, खाली काय संदेश, हे सगळं करणाऱ्याच्या मनावर. माखाची गोष्ट १२ व्या शतकातल्या हस्तलिखितात आहे. ‘विजय तुझाच’ हे आजच्या कुणीतरी लिहिलंय, कदाचित चांगल्या मनाने, पण तुझं पोट न बघता. कोकणात आजी कौल लावायची तेव्हा समोरचा गुरव तिला, तिच्या घराला ओळखत असे. कार्ड तुला ओळखत नाही गं.

कार्डं फेकून दे असं मी म्हणणार नाही. ब्रिजिडच्या कार्डामुळेच मी किल्डेअरला गेले. तिथे संत ब्रिजिडचा अग्नी एकोणीस जोगिणी आळीपाळीने राखत आणि विसाव्या रात्री तो खुद्द ब्रिजिडवर सोपवत, असं १२ व्या शतकातल्या एका प्रवाशाने लिहून ठेवलंय. पुढे विझलेला तो अग्नी १९९३ मध्ये तिथल्या जोगिणींनी पुन्हा पेटवला. मी त्या ज्योतीपाशी उभी होते आणि मला आईची फार आठवण आली. कार्ड मला तिथवर घेऊन गेलं. घरी परतायचं, हे मात्र माझं मीच ठरवलं, रडून, तीन रात्री जागून.

तर ऑफिसचं. पहिल्या बाळंतपणाला २६ आठवड्यांची पगारी रजा असते, त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात. उद्या डॉक्टरांशी बोल, मग साहेबांना लेखी कळव. मेलचा मसुदा मला पाठव, मी बघून देते. माखाने ज्यांना विनवलं, त्यांच्यातलं कुणीही पुढे आलं नाही. तू मला विचारलंस. मी आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघतेय. डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर, आत्ता फक्त नाचणीचे आणते.