इस्साखार आणि जबुलून : विद्यादानाचा यहुदी विचार

दान म्हटले की देणारा वर आणि घेणारा खाली, असेच चित्र बहुधा डोळ्यांपुढे उभे राहते. यहुदी परंपरेत दानाला जो शब्द आहे तो मात्र या चित्राला मान्यता देत नाही. ‘त्सदाका’ हा हिब्रू शब्द न्याय या अर्थाच्या धातूपासून झाला आहे. आमच्या अरबी ‘सदका’ शब्दाचा तो सख्खा भाऊच. देणारा उपकार करीत नाही, जे देणे लागतो ते देतो, असा त्यातील भाव. धर्मशिक्षणासाठी दिलेल्या दानात हा विचार आणखी खोल जातो. म्हणून आपल्या संस्थेच्या या महोत्सवी अंकात त्याची थोडी ओळख करून द्यावी असे आम्हांस वाटले.

हजरत याकूब यांचे दोन पुत्र, इस्साखार आणि जबुलून. परंपरा सांगते की जबुलूनचे वंशज समुद्रावर व्यापार करीत आणि इस्साखारचे वंशज तोरा या धर्मग्रंथाच्या अध्ययनात मग्न असत. पहिल्यांच्या कमाईवर दुसऱ्यांचा संसार चाले. इस्साखार थोरला, जबुलून धाकटा. तरीही मोशेने अखेरचा आशीर्वाद देताना धाकट्याचे नाव आधी घेतले. भाष्यकारांनी कारण दिले ते असे की, व्यापाऱ्याच्या गलबताविना विद्वानाचे अध्ययन चाललेच नसते. म्हणून दोघे भागीदार, आणि अध्ययनाचे पुण्यही दोघांचे.

या भागीदारीला एक अट आहे. सोळाव्या शतकात क्राको येथील रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी धर्मशास्त्रावरील टिपांत ती नोंदविली. ज्याला स्वतः शिकणे जमत नाही त्याने दुसऱ्याचा चरितार्थ चालवावा आणि पुण्य वाटून घेण्याचा करार आधी करावा. पण जो शिकून झाला त्याचे पुण्य मागाहून पैसे मोजून विकत घेता येत नाही. आम्हां शिक्षकांना ही अट फार मार्मिक वाटते. मुलगा पहिला आला की हार घेऊन येणारे पुष्कळ. तो पाटी घेऊन दाराशी उभा असताना पुस्तकाला पैसे देणारे थोडे.

अर्थात सर्वांनाच हे पटले नव्हते. मूसा बिन मैमून (इ. स. ११३८–१२०४), ज्यांना युरोप मायमोनिडीस म्हणतो, त्यांच्या मते विद्वानाने धर्मादायावर पोट भरणे हा विद्येचाच अपमान होय. गंमत अशी की, त्यांचे स्वतःचे घर रत्नांचा व्यापार करणाऱ्या धाकट्या भावाच्या कमाईवर चाले. तो हिंदी महासागरात बुडाल्यावर त्यांनी वैद्यकी पत्करली. परंतु त्यांचा आक्षेप दानाला नव्हता, लाचारीला होता. त्यांनीच दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांत सर्वांत वरची पायरी म्हणजे गरजवंताला देणगी, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करणे, की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. तिच्या खालची पायरी म्हणजे देणाऱ्याला घेणारा ठाऊक नसावा आणि घेणाऱ्याला देणारा.

ही दुसरी पायरी प्रत्यक्षात आणली ती आजच्या बेलारूसमधील व्होलोझिन येथे. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तसेच पूर्व युरोपातील यहुदी विद्यार्थी रोज एकेका घरी जेवत. यजमानीण काय वाढते आणि काय बोलते, दोन्ही गिळावे लागे. इ. स. १८०३ च्या सुमारास रब्बी हाईम यांनी तेथे विद्यापीठ काढले आणि ही चाल बंद केली. फिरते प्रतिनिधी गावोगाव जाऊन निधी गोळा करीत व त्यातून विद्यार्थ्याला खर्चाचे पैसे मिळत. कोणाच्या पैशाने कोण शिकला, हे कळायला मार्ग राहिला नाही.

मराठी ज्यांची घरची भाषा, त्या कोकणच्या बेने इस्राएल समाजानेही ही वाट चोखाळली. इ. स. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या खटपटीने मुंबईत त्यांची शाळा निघाली. इतर विषयांबरोबर तेथे हिब्रूही शिकवीत. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीवरून तिला त्यांचे नाव मिळाले. इ. स. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. शाळा राहिली, आणि तिच्या बाकांवर आता बहुतांशी इतर धर्मांची मुले बसतात.