मोठ्या मुलांच्या विटा

आईबाबांनो,

गेल्या दिवाळीत आमचा मुलगा हैदराबादहून आला तो एक भलंमोठं खोकं काखेत घेऊन. हे त्याला घ्यायला स्टेशनावर गेले होते. त्यांना वाटलं, माझ्यासाठी मिक्सर आणला असेल. रायपूरच्या चौबे कॉलोनीत घरी पोचल्यावर खोकं दिवाणावर ठेवलं. मी चष्मा लावून पाहिलं, तर कोपऱ्यात छापलेलं होतं 18+. मी दचकलेच. तो म्हणाला, "आई, लेगो आहे. मोठ्या माणसांनी जोडायचं." दचकणं ओसरलं, पण दुसरी काळजी लागली. सदतिसावं लागलंय याला, आणि सुट्टीत घरी येताना खेळणं घेऊन येतो?

ही काळजी माझ्या एकटीची नाही, म्हणून आज हे हितगुज. आपलं महाराष्ट्र मंडळ 1935 सालचं. तिथे आरतीनंतर प्रसाद घेताना आपण मुलाबाळांचंच बोलतो. कुणाच्या जावयाच्या कपाटात लेगोच्या रंगीत विटांचं आर्केड मशीन आहे, कुणाच्या मुलीने विटांचा अटारी व्हिडिओ गेम जोडला आहे. सांगताना आवाज हळू होतो, जणू घरातलं काही लपवायचं आहे. मला तो आवाज मोठा करायचा आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. त्या खोक्यात 2646 तुकडे होते. ते जोडले की 1980च्या दशकातला निन्टेन्डोचा व्हिडिओ गेम उभा राहतो. राखाडी यंत्र, त्याची कॅसेट, हातातला कंट्रोलर आणि सोबत जुन्या घाटाचा डबा टीव्ही. टीव्हीच्या बाजूला एक दांडा आहे. तो फिरवला की पडद्यावरचं चित्र सरकतं आणि लाल टोपीवाला मारिओ चालू लागतो. वीज नाही, बॅटरी नाही. हा संच 2020 साली आला. मग 2022 मध्ये अटारी 2600 आला, 2532 तुकड्यांचा. 2023 मध्ये पॅकमॅनचं आर्केड मशीन, 2651 तुकड्यांचं. 2025 मध्ये हातात मावणारा गेमबॉयही आला. कंपनीने हे लहान मुलांसाठी काढलेलंच नाही. जी मुलं तेव्हा हे गेम खेळली आणि आता चाळिशीकडे आली किंवा ओलांडून गेली, त्यांच्यासाठी काढलं आहे.

आपल्या मुलांनी खरा निन्टेन्डो क्वचितच पाहिला असेल. रायपूर अजून मध्य प्रदेशात होतं, त्या दिवसांत आमच्याकडे त्याची नक्कल आली होती. पिवळी कॅसेट, त्यावर हजारो गेम असल्याचा दावा आणि आत मोजून दहा-बारा. कॅसेट अडकली की मुलं ती काढून फुंकर मारायची आणि परत खुपसायची. मे महिन्यात बाहेर आग ओतत असायची, कूलरसमोर सतरंजी टाकून गल्लीतली पाच पोरं मारिओच्या पाळीची वाट बघत बसायची. दहावीच्या वर्षी मी तो गेम उचलून कपाटात कुलूपबंद केला. परीक्षेनंतर देईन म्हणाले. परीक्षा झाली, अकरावी आली, कोचिंग आलं आणि तो गेम राहूनच गेला. त्याने परत मागितला नाही आणि मीही काढला नाही. मी चूक केली असं आजही वाटत नाही. पण शब्द दिला होता आणि पाळला नाही, हे मात्र खरं.

खोकं उघडल्यावर आतून नंबर घातलेल्या पिशव्या निघाल्या. एक पिशवी फोडायची, तेवढं जोडून झालं की पुढची. सोबतच्या जाड पुस्तकात जोडणीसाठी शब्द नाहीत, नुसती चित्रं. प्रत्येक पायरीला कोणता तुकडा आणि किती, ते चौकटीत दाखवलेलं. तुकडे पसरायला तो जागा शोधत होता. मी दोन मोठी ताटं आणि चार वाट्या आणून दिल्या. मग नुसतं बघत उभं राहायचा कंटाळा आला, म्हणून शेजारी बसले. "आई, दोन उंचवट्यांची काळी चपटी पट्टी शोध ना," तो म्हणाला. चाळीस वर्षं तांदूळ-डाळ निवडलेल्या डोळ्यांना ती ताटात लगेच दिसली. तिथून पुढे तीन दिवस ते काम माझ्याकडे आलं.

पडदा जोडताना तर मला माझंच काहीतरी दिसलं. मारिओ, ढग, झुडपं, सगळं बारीक चौकोनांचं. आपण मॅटीच्या कापडावर घरं मोजून पोपट भरायचो, तसंच. तीन घरं हिरवी, एक लाल, दोन सोडून पुन्हा हिरवी. मी हे म्हणताच मुलगा चमकला. मग त्याने सांगितलं की मारिओला मिशी आणि टोपी का आहे. त्याला घडवणारे शिगेरू मियामोतो यांच्याकडे चेहऱ्यासाठी मोजकेच चौकोन होते. तेवढ्यात तोंड काढणं कठीण, म्हणून मिशी दिली. केस नीट दिसेनात, म्हणून टोपी घातली. कमी घरांत चेहरा बसवायचा ही अडचण ज्या बाईने कधी भरतकाम केलं आहे, तिला कुणी समजावून सांगायला नको. इतकी वर्षं मला परक्या वाटलेल्या त्या गेमची गोष्ट मला त्या दुपारी कळली, आणि माझ्या पोपटांची त्याला.

हे भिलाईच्या कारखान्यात होते. दांडा फिरवल्यावर चित्र कसं सरकतं, म्हणून त्यांनी टीव्ही मागून पाहिला. आत चित्राचा पट्टा गोल फिरत होता. "अरे, हा तर कन्व्हेयर बेल्ट!" असं म्हणून तेही ठाण मांडून बसले. बापलेकांचं बोलणं आमच्याकडे बहुतेक गाडीची वेळ आणि बँकेची कामं यांच्यापुढे जात नाही. त्या संध्याकाळी दोघं तासभर चाकांच्या दात्यांवर बोलत होते.

विटांची कथाही बापलेकांचीच आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्टियान्सेन यांनी 1932 साली लाकडी खेळणी करायला घेतली. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून लेगो हे नाव आलं. आज ओळखतो त्या विटेच्या पेटंटचा अर्ज मुलगा गोटफ्रेड याने 28 जानेवारी 1958 रोजी केला. मार्चमध्ये वडील गेले. तेव्हाची वीट आजच्या विटेत अजून बसते.

तरी मनात येतंच, मोठ्या माणसाने खेळावं का? मी स्वतःलाच विचारते, आपण कधी थांबलो होतो? पन्नाशीचा गृहस्थ नाटकासाठी तोंडाला रंग लावून उभा राहतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. पोऱ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या, दिवशी छत्तीसगडात घरोघर मातीचा नांदिया बैल आणि भातुकलीची भांडी पुजली जातात. तिकडे नागपुरात तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवताना मुलांपेक्षा आजोबांचाच जीव जास्त गुंततो. आमच्या अंगणात हाच मुलगा दिवाळीला लाल मुरमाचा रायगड करायचा, तेव्हा बुरुजाला हात त्याच्या बाबांचे लागायचे. हाताने काही उभं करण्याची हौस वयाला धरून नसते. फक्त आता मुरूम नाही, अंगण नाही, आणि दिवसभराचं काम पडद्यावर चालतं. त्यात हाताला लागेल असं काही उरत नाही. संध्याकाळी एक वीट दुसरीवर बसते आणि 'टक्' असा आवाज येतो. आज काहीतरी नक्की झालं, असं वाटायला तेवढंही पुरतं.

आता पैशांचं. हे संच महाग आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आपल्याकडे ते आणखी महाग पडतात. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. तुमचा मुलगा हप्ते फेडून, घरखर्च सांभाळून, वर्षाकाठी एखादा संच घेत असेल, तर पहिला प्रश्न "केवढ्याला?" हा नको. तो प्रश्न ऐकला की मुलं किंमत निम्मी सांगतात, आणि मग पुढचं खोकं आपल्याला दिसतच नाही. पण उधारीवर खोकी येत असतील, न उघडता साठत असतील, झोप आणि माणसं दोन्ही सुटत असतील, तर जरूर बोला. तेव्हाही विटांवर बोलू नका. "बरं चाललंय ना तुझं?" एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

आणखी दोन गोष्टी अगदी घरच्या. पाहुण्यांची लहान मुलं कपाटाकडे हात करतात, रडतात, आणि आपण भिडेपोटी "दे रे त्याला, तू मोठा ना" म्हणतो. तसं म्हणू नका. नातवाचा हट्ट पुरवायला बाजारात पुष्कळ काही आहे. हे आपल्या मुलाने रात्र रात्र बसून उभं केलेलं असतं. शिवाय तीन वर्षांखालच्या मुलाने तो बारीक तुकडा तोंडात घातला तर घशात अडकायची भीती असते, ते वेगळंच. दुसरं म्हणजे धूळ ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. मऊ ब्रश फिरवा, आणि फिरवण्याआधी त्याला विचारा.

माझं सगळं सांगणं एवढंच आहे. मुलांच्या हौसेचा हिशोब मागू नका, तिच्यातला वाटा मागा. "मी काय करू?" हे तीन शब्द पुरतात. निवडून द्यायला, धरून ठेवायला, नुसतं पुस्तकाचं पान उलटायला त्यांना माणूस हवं असतं. लग्न, बदली, पगार या विषयांवर जे मूल तोंड उघडत नाही, ते हातात काम असलं की आपोआप बोलू लागतं. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी, राखाडी यंत्राचं झाकण बसवता बसवता, त्याने मला कंपनीतल्या एका त्रासाबद्दल सांगितलं. वर्षभर फोनवर रोज बोलत होतो, पण हे कधी निघालं नव्हतं. माझ्या कुलुपाबद्दल मीही तेव्हाच बोलले. तो म्हणाला, "माहीत आहे, आई. किल्ली तांदळाच्या डब्यात असायची. मी कधी काढली नाही."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो परत गेला. टीव्ही आणि यंत्र इथेच ठेवून गेला, बैठकीतल्या कपाटात. हे रोज चहाच्या आधी एकदा दांडा फिरवतात. जाताना मुलगा म्हणाला होता की एक बारकी राखाडी कडी हरवली आहे, वरून दिसत नाही, त्यामुळे अडत नाही. मला मात्र ते अडलंच. आठ दिवसांनी दिवाणाखालचा केर काढला, तेव्हा सुपलीत ती सापडली. मी ती धुऊन, कागदात बांधून, तांदळाच्या डब्यात ठेवली आहे, आणि त्याला तसं कळवलं आहे. तो पुन्हा येईल तेव्हा आम्ही दोघं मिळून ती बसवू. तोवर मी रोज केर टाकण्याआधी सुपली उजेडात धरून पाहते. तुमच्याही घरी असं कुणी असेल, तर तुम्हीही पाहत जा.