पाऊस सरला, आता अंगणाचं काय?

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे. अंगणात रान माजलंय, गुलाब नुसतेच उंच गेलेत आणि डाळिंबाला फूल नाही. दिवाळीआधी काय करावं?

उत्तर : आधी गाजरगवत. जमीन ओली आहे तोवर, फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा. हातमोजे घालून, नाहीतर खाज सुटेल. परतीचा पाऊस थांबला की, साधारण ऑक्टोबरच्या मध्यात, गुलाब छाटा. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर तिरका काप घ्या आणि त्यावर बोर्डो पेस्ट लावा.

आपली काळी माती ऑक्टोबरच्या उन्हात भेगाळते आणि ओल त्या भेगांतून उडते. वरचा थर खुरप्यानं हलवून वाळका पाला चार बोटं पसरा. तो पेटवून देणारे शेजारी मला कधीच कळले नाहीत.

डाळिंबाचा हस्त बहर घरी धरू नका; परतीच्या पावसात ताण नीट बसत नाही. आंबे बहर सोपा. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडा. पानं पिवळी पडून गळतील, घाबरू नका. मग हलकी छाटणी, शेणखत आणि पाणी, पहिलं पाणी मात्र बेतानं.